पामर : एका यात्रेकरूचे आडनाव

मुखेड, देगलूर, कंधार, उदगीर या टापूत अनोळखी माणसाला पहिला प्रश्न गावाचा विचारतात आणि दुसरा आडनावाचा. आडनाव कानी पडले की विचारणाऱ्याच्या मनात जात, गल्ली, सोयरीक यांचा नकाशा आपोआप उभा राहतो. ख्रिस्ती कुटुंबाच्या बाबतीत मात्र तो नकाशा जुळत नाही आणि मग तिसरा प्रश्न येतो, 'ख्रिस्ती म्हणता, मग आडनाव कांबळे कसे?' विचारणाऱ्याच्या लेखी ख्रिस्ती मनुष्य म्हणजे डिसोझा, परेरा, नाहीतर एखादा स्मिथ किंवा विल्यम्स. हा प्रश्न वारंवार कानांवर पडल्यामुळेच की काय, स्नानसंस्काराची नोंद करताना काही आईबाप आम्हां धर्मगुरूंना हळूच विचारतात, "फादर, लेकराला आडनावही ख्रिस्तीच द्यावे काय?" या विचारण्यामागे हौस थोडी असते आणि व्यथा पुष्कळ. ज्या आडनावावरून जात ओळखली जाते, ते आडनाव लेकराच्या पाठीवर पुढच्या पिढीतही असावे काय, असा खरा प्रश्न त्या मातापित्यांच्या मनात असतो. त्याला थट्टेवारी नेणे आम्हांला कधी जमलेले नाही.

तेव्हा 'ख्रिस्ती आडनाव' म्हणून काही वस्तू खरोखर आहे काय, याचा एकदा शोध घ्यावा असे आमच्या मनात आले. त्यासाठी आम्ही एकच इंग्रजी आडनाव निवडले आहे, ते म्हणजे 'पामर'. निवडीची कारणे दोन. पहिले असे, की ख्रिस्ती भक्तीच्या आचारातून थेट जन्माला आलेली जी थोडी इंग्रजी आडनावे आहेत, त्यांत हे ठळक आहे. दुसरे असे, की या आडनावाची एक शाखा हैदराबादला येऊन रुजली, आणि आपला मराठवाडा 1948 पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या पामर घराण्याच्या व्यवहाराचे ओझे आपल्या मुलखातल्या शेतकऱ्यापर्यंत येऊन पोहोचले होते.

मराठी वाचकाला हे आडनाव ऐकताच हसू येईल, हे आम्ही जाणतो. इंग्रजीत त्याच्या लेखनात 'ल' आहे, परंतु उच्चारात तो गिळला जातो आणि उरतो तो 'पामर'. आपल्या भाषेत पामर म्हणजे दीन, क्षुद्र, अडाणी जीव. संतांनी देवापुढे लहानपण घेताना हा शब्द स्वतःलाच लावून घेतला आहे. आपला पामर संस्कृतातून आलेला आहे आणि इंग्रजांचा पामर लॅटिनमधून. त्या दोघांचे रक्ताचे नाते मुळीच नाही. ध्वनी सारखा म्हणून मूळ सारखे असे मानण्याची खोड आपल्याकडे फार आहे, आणि तिच्यापायी पुष्कळ हौशी व्युत्पत्तिकार तोंडघशी पडले आहेत. तरी हा योगायोग आम्हांला गोड वाटतो, कारण पहिला इंग्रज पामरही आपल्या अर्थाने पामरच होता.

लॅटिन भाषेत 'पाल्मा' म्हणजे खजुराच्या जातीचे झाड. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'पामिए' किंवा 'पामेर' असा शब्द झाला. पवित्र भूमीची यात्रा करून जो परतला आणि खूण म्हणून ज्याने खजुराची झावळी सोबत आणली, तो पामर. झावळ्यांच्या रविवारी आपण हाती घेतो तीच ही झावळी. येरुशलेमच्या वेशीवर लोकांनी प्रभू येशूचे स्वागत झावळ्यांनी केले, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शिवाय झावळी हे विजयाचे चिन्ह असल्यामुळे रक्तसाक्ष्यांच्या चित्रांतही ती त्यांच्या हाती असते. बाराव्या शतकातील टायरचे आर्चबिशप विल्यम यांच्या इतिहासग्रंथात यात्रा पूर्ण झाल्याची खूण म्हणून झावळी घेण्याचा उल्लेख आला आहे.

त्या काळच्या युरोपात प्रत्येक मोठ्या तीर्थाची आपापली खूण होती. स्पेनमधील संत याकोबाच्या समाधीकडे गेलेला मनुष्य टोपीवर शिंपला लावून परते. कॅन्टरबरीला संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे गेलेला पाण्याची छोटी कुपी गळ्यात घालून येई. रोमला जाणाऱ्यांना इटलीत 'रोमेओ' म्हणत. महाकवी दान्ते याने आपल्या 'विता नुओवा' या ग्रंथात या यात्रेकरूंचे तीन वर्ग सांगितले आहेत : समुद्रापलीकडे पवित्र भूमीकडे जातात ते पामर, स्पेनच्या संत याकोबाकडे जातात ते खरे 'पेरेग्रिनी' आणि रोमला जातात ते रोमेओ. रोमेओ हे नाव वाचकांना नाटकामुळे ठाऊक आहे. त्याचाच स्पॅनिश भाऊबंद 'रोमेरो' तर आपल्या प्रार्थनेतही आला आहे. एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो 24 मार्च 1980 रोजी मिस्सा अर्पण करीत असताना गोळीला बळी पडले आणि 14 ऑक्टोबर 2018 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांच्या आडनावाचा अर्थ 'रोमचा यात्रेकरू' असाच आहे.

आपल्या भागातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पंढरीची माळ, काशीहून आणलेला गंगेचा गडू, हजहून परतलेल्याच्या नावापुढे कायमचे लागलेले 'हाजी' हे पद, ही सारी त्याच जातीची खूण आहे. नांदेडच्या गुरुद्वारात देशभरातून येणारे यात्रेकरू तर आपण नित्य पाहतो. हाजी हे पद मात्र सहसा त्या माणसाबरोबर संपते. इंग्लंडमध्ये ते संपले नाही, मुलानातवंडांच्या माथी बसले, आणि आडनावाच्या इतिहासातली गंमत नेमकी इथे आहे.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा सामान्य इंग्रजाला आडनाव नव्हते. गावात जॉन चार झाले की एकाला लोहार जॉन, दुसऱ्याला ओढ्याकाठचा जॉन, तिसऱ्याला रिचर्डचा जॉन म्हणत. चौथा येरुशलेमला जाऊन आला असेल तर तो पामर जॉन. ही केवळ ओळखीची सोय होती आणि एका आयुष्यापुरती होती. पुढे जमिनीचे हक्क, वारसा आणि करांच्या याद्या यांमुळे ती ओळख वंशपरंपरागत झाली. जमीनदारांपासून सुरुवात झाली आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक इंग्रज कुटुंबांना स्थिर आडनाव आले. म्हणजे ज्या आजोबाने समुद्र ओलांडून जीव धोक्यात घालून झावळी आणली, त्याचे नाव ज्याने गावाची वेसही कधी ओलांडली नाही अशा नातवाला लागले. सगळेच मूळ पामर येरुशलेमला पोहोचले होते असेही समजू नये. यात्रेच्या बाता मारणारा किंवा नाटकात यात्रेकरूचे सोंग घेणारा यांनाही गावकरी थट्टेने असे नाव ठेवीत, असे आडनावांच्या अभ्यासकांचे मत आहे. थट्टेतून आडनाव पडते हे मराठी माणसाला का सांगावयास हवे?

ही नावे पक्की होण्यास धर्मग्रामांच्या नोंदवह्यांनी मोठा हातभार लावला. इंग्लंडमध्ये 1538 साली राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. इकडे ट्रेंट येथील विश्वपरिषदेने 1563 मध्ये धर्मगुरूंना तशी नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. एकमेकांशी भांडणाऱ्या दोन पक्षांचे वहीच्या बाबतीत मात्र एकमत झाले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे! एकदा नाव वहीत चढले की ते बदलणे कठीण. आज मराठवाड्यातील धर्मगुरू जी वही पुढे ओढून लेकराचे नाव लिहितो, ती त्याच वह्यांची वंशज आहे.

पामर हे नाव भक्तीतून आले, परंतु ज्या इतर नावांना आपण 'ख्रिस्ती' समजतो त्यांचे काय? टेलर म्हणजे शिंपी. स्मिथ म्हणजे लोहार. पॉटर म्हणजे कुंभार. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. हिल म्हणजे आपल्याकडचे डोंगरे, आणि न्यूटन म्हणजे नवेगावकर. साहेबाच्या नावावरचा इंग्रजी रंग खरवडला की खाली आपलेच बारा बलुतेदार दिसू लागतात. वसईकडील परेरा या पोर्तुगीज आडनावाचा अर्थ नासपतीचे झाड एवढाच आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचे 'झेवियर' हे नाव तर त्यांच्या नव्हार प्रांतातील वाड्याचे, आणि बास्क भाषेत त्याचा मूळ अर्थ 'नवे घर'. हिंगोली-वसमतकडे नवघरे आडनावाची कुटुंबे आहेत. अर्थ पाहता त्यांचे आणि त्या महान संताचे नाव एकच होते! स्वतः संत 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्यालगत निवर्तले, त्यांच्या पुण्याईने ते गावाचे नाव पवित्र झाले आणि आज आपण ते पोरांचे पाळण्यातले नाव म्हणून ठेवतो. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांचे आडनाव म्हणजे 'स्टीफनचा मुलगा', बापाच्या नावावरून पडलेले. त्यांनी ते नाव इथे कोणाच्याही गळ्यात बांधले नाही. 1616 साली राशोल येथे छापला गेलेला मराठी ग्रंथ तेवढा मागे ठेवला.

आता हैदराबादकडे वळतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांनाही हे घराणे परके नसावे, कारण जनरल विल्यम पामर हे 1798 ते 1801 या काळात पेशव्यांच्या दरबारी पुण्यात इंग्रजांचे रेसिडेंट होते. त्याआधी ते वॉरन हेस्टिंग्ज याच्या पदरी आणि लखनौला होते. तिकडेच त्यांनी फैज बख्श या मोगल घराण्यातील मुसलमान स्त्रीशी संसार मांडला. त्यांचा एक मुलगा विल्यम, जन्म 1780. धाकट्याचे नाव हेस्टिंग्ज; वरिष्ठाच्या आडनावाचे हे असे पाळण्यातले नाव झाले. बापाने विल्यमला इंग्लंडमध्ये शिकविले. आडनाव अस्सल इंग्रजी, तेही यात्रेकरूचे. तरीही कंपनी सरकारच्या पलटणीत त्याला अधिकारपद मिळू शकले नाही. कारण ज्याची आई हिंदी आहे अशा मनुष्यास कंपनीच्या मुलकी वा लष्करी नोकरीत घ्यावयाचे नाही, असा नियम कंपनीच्या संचालकांनी 1791 मध्ये केला होता. बापाचे नाव कोणी विचारात घेतले नाही. आईचे रक्त पाहिले. विल्यम 1799 मध्ये निजामाच्या फौजेत दाखल झाला तो अशा परिस्थितीत.

आडनाव बदलून जगाची नजर बदलेल असे ज्यांना वाटते, त्यांनी या विल्यमचे चरित्र जरूर आठवावे.

लष्करातून बाहेर पडून त्याने हैदराबादला 'विल्यम पामर आणि कंपनी' ही पेढी काढली. 1814 पासून तिचा व्यवहार भरास आला. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1797 मध्ये कायदा करून ब्रिटिश प्रजाजनांना हिंदी राजांना कर्जे देण्यास मनाई केली होती. 1816 मध्ये गव्हर्नर जनरलने या पेढीला त्यातून सूट दिली. गव्हर्नर जनरलच्या मानसकन्येचा नवरा सर विल्यम रंबोल्ड हा पेढीत भागीदार होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. निजामाचा कारभार तेव्हा चंदुलाल यांच्या हाती होता आणि खजिना रिकामा होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा पगार तर महिन्याच्या महिन्यास हवा. तो पामरांच्या पेढीने आगाऊ द्यावा आणि बदल्यात जिल्ह्यांच्या महसुलावर तिच्या नावे तनखा लिहून द्याव्यात, अशी रीत पडली. व्याज शेकडा 25 च्या आसपास. बेरारमधील घोडदळ आणि औरंगाबाद विभागातील फौज यांच्या पगारासाठी असेच करार झाले होते.

तनखा म्हणजे कागद. तो फेडावयाचा कोणी? कागदावर जिल्ह्याचे नाव असे, पण पैसा यावयाचा तो ज्वारीच्या आणि कापसाच्या रानातून. महसूल वसूल करण्याचा मक्ता जो जास्त रक्कम आधी मोजेल त्या तालुकदाराला मिळे आणि तो गुंतवलेली रक्कम दामदुपटीने रयतेकडून काढी. 1820 मध्ये पामरांनी 60 लाखांचे आणखी एक मोठे कर्ज मांडले. त्याच साली चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हिशेब तपासले. त्या 60 लाखांतील 8 लाख म्हणजे पेढीने स्वतःलाच दिलेले बक्षीस, असे त्याच्या ध्यानात आले. वसुलीतली लूट थांबावी म्हणून त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज देखरेखनीस नेमले. रयतेला त्यामुळे काही वर्षे तरी थोडा श्वास घेता आला, 1829 मध्ये नवा निजाम गादीवर येताच ती व्यवस्था मोडली. मेटकाफ हा काही संत नव्हता आणि त्याला स्वतःच्या सरकारचीही सत्ता वाढवावयाची होती. तरी या प्रकरणात सत्य त्याच्या बाजूला होते असे आमचे मत आहे.

शेवटी 1823 मध्ये कंपनी सरकारने पामरांचे देणे स्वतः भागवले. त्यासाठी आंध्र किनाऱ्यावरील उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल जी 7 लाखांची पेशकश देई, ती सुमारे 1 कोटी 16 लाखांच्या ठोक रकमेच्या बदल्यात कायमची बंद झाली. पुढल्याच वर्षी पामरांची पेढी बुडाली. विल्यम मात्र दीर्घायुषी निघाला. 1867 पर्यंत तो हैदराबादेतच होता.

त्याची मुलगी मेरी हिने निजामाच्या लष्करातील एका तरुण अधिकाऱ्याशी लग्न केले. तो फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने 1839 मध्ये प्रसिद्ध झाला तोच. टेलर हा लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, आणि त्याचे आडनाव 'शिंपी'. यात्रेकरूची लेक शिंप्याच्या घरात गेली, असे मराठीत म्हणता येईल. शिंपी म्हटले की मराठवाड्यातील मनुष्याला नरसीचे संत नामदेव आठवतात आणि त्या शब्दाला आपोआप मान मिळतो. टेलर म्हटले की तोच मान केवळ साहेबी उच्चारामुळे मिळतो, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. 1853 मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाला बेरार, नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. नळदुर्गच्या कारभारावर टेलर याचीच नेमणूक झाली आणि 1857 पर्यंत तो तेथे होता. ज्या राज्याला सासऱ्याने कर्ज दिले, त्याच राज्याचा दुसऱ्या कर्जात अडकलेला जिल्हा जावयाने सांभाळावा, ही नियतीची विचित्र गाठ म्हणावयाची. मात्र टेलर याने रयतेशी माणुसकीने व्यवहार केला, हे त्याच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

आता धर्मग्रामाच्या कार्यालयातील त्या प्रश्नाविषयी. 1983 च्या धर्मसंहितेच्या 855 व्या कलमात मुलाला ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव देऊ नये, याची काळजी आईबाप, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी असे सांगितले आहे. तेथे गोष्ट आहे ती स्नानसंस्काराच्या नावाची. आडनावाबद्दल ख्रिस्तसभा काहीच मागत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, ते टिळकच राहिले. नीळकंठशास्त्री गोरे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले, नाव नेहेम्या झाले आणि आडनाव गोरेच राहिले. हे दोघेही आपल्या पंथाचे नव्हते, परंतु मराठी ख्रिस्ती साहित्यात त्यांचा मान मोठा आहे. ते दोघे उच्च जातीचे, त्यांना आडनाव ठेवणे जड नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबर आहे. कांबळे, वाघमारे, सूर्यवंशी यांना जे सोसावे लागते ते टिळकांना सोसावे लागले नाही. म्हणून कोणा आईबापाला आडनाव बदलावेसे वाटले, तर आम्ही त्यांना दोष देत नाही. राजपत्रात जाहीर करून ते बदलता येते, तो त्यांचा नागरी हक्क आहे. आम्ही एवढेच सांगतो की बदलण्याचे कारण धर्म हे नाही, आणि नव्या आडनावाखाली कदाचित एखादा शिंपी, लोहार किंवा बुडीत सावकार निघेल. वहीतल्या रकान्यात मात्र आईबाप सांगतील तेच आडनाव आम्ही लिहितो, आणि आईचे संपूर्ण नाव तिच्या माहेरासह विचारून घेतो.

पामर कुटुंबाचे 1785 च्या सुमारास काढलेले एक मोठे तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पूर्वी ते झोफानी या चित्रकाराचे मानीत, अलीकडे रेनाल्दीचे मानतात. चित्रात लाल डगल्यातले पामरसाहेब खुर्चीवर बसले आहेत, बाजूला लहानगा विल्यम आहे, आणि मध्ये जमिनीवर फैज बख्श दागिन्यांनिशी बसल्या आहेत, मांडीवर तान्हा हेस्टिंग्ज. पुढे दिल्लीच्या बादशहाने त्यांना बेगम ही पदवी दिली. नवरा 1816 मध्ये गेल्यावर त्या हैदराबादला विल्यमजवळ राहिल्या आणि 1828 मध्ये तेथेच वारल्या. चित्राला जगभर 'पामर कुटुंब' म्हणूनच ओळखतात.